लॅव्हेंडर विणायचंय? आधी तुळशीची मंजिरी बघा

प्रश्न: ताई, नमस्कार. मी नागपूरला धरमपेठेत राहते. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे आणि रुखवतात मला क्रोशाच्या लॅव्हेंडरचे गुच्छ मांडायचे आहेत. बर्डीवरून छान जाड जांभळी लोकर आणली, महिना झाला करून राहिली पण लॅव्हेंडरसारखं काही दिसतच नाही, घरचे म्हणतात मक्याचं कणीस झालं. व्हिडिओत डबल क्रोशेचा टाका सांगितला तसंच विणलं तरी माझ्या पाकळ्या लांबलचक होतात, त्या बाईंच्या मात्र एवढ्याशा. खरं लॅव्हेंडर मी पाहिलेलं नाही, नर्सरीतून रोप आणलं होतं ते पावसाळ्यात मुळापासून सडलं. त्यात ग्लू गननं चिकटवलेली एक काडी ऑक्टोबरच्या उन्हात गाडीत राहिली तर फूल खाली घसरलं. 30 काड्या करायच्या आहेत, होतील का?

उत्तर: होतील, नक्की होतील, आणि रोप गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. लॅव्हेंडरला थंड, कोरडी हवा आणि पाणी झरझर निघून जाणारी जमीन लागते, आपल्याकडे त्याची शेती नावाजली ती जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहच्या डोंगरात. नागपूरचा उन्हाळा आणि मागोमाग चार महिने ओली माती, त्याला कसं जमणार.

पण त्याची बहीण तुमच्या अंगणात आहे ना! लॅव्हेंडर तुळशीच्याच कुळातलं. तुळशीची एक मंजिरी तोडा आणि डोळ्याजवळ धरून नीट बघा. दांडी बोटात फिरवली तर गोल लागत नाही, चौकोनी लागते, लॅव्हेंडरचीही तशीच असते. आणि फुलं दांडीभर सलग नाहीत, दांडीभोवती एक वेढा, मग थोडी मोकळी जागा, मग पुढचा वेढा. लॅव्हेंडरचे वरचे वेढे जास्त दाट असतात, पण बरेचदा सगळ्यात खालचा एक वेढा बाकीच्यांपासून सुटा, खाली राहतो. तुमचं कणीस झालं ते इथेच, तुम्ही मोकळी जागा सोडलीच नाही, वरून लोकर जाड. लोकर दुसऱ्या कशाला वापरा, याला बारीक सुती दोरा आणि 2 मिमीची क्रोशाची सुई घ्या.

आता डबल क्रोशेचं. हा घोळ खूप जणींचा होतो, चूक तुमची नाही. अमेरिकन पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, उंच टाका, आणि ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका! त्या बाई ब्रिटिश पद्धतीनं सांगत असणार, म्हणून तुमच्या पाकळ्या उंच गेल्या. ओळखायची खूण सोपी आहे, नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे आलं की तो अमेरिकन, कारण ब्रिटिशांकडे ते नावच नाही.

मी करते ते असं. 54 साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करा, हा टोकाचा भाग. एका पाकळीला दोन घरं, म्हणजे साखळीच्या दोन कड्या, पहिल्या घरात एक मुका खांब, 2 साखळ्या, एकत्र काढलेले 2 खांब (दोन्ही अर्धवट ठेवून शेवटी एकदम पूर्ण करायचे), परत 2 साखळ्या आणि त्याच घरात स्लिप स्टिच, म्हणजे सगळ्यात बुटका, नुसता ओढून घेतलेला टाका, दुसऱ्या घरात नुसती स्लिप स्टिच. अशा 3 पाकळ्या झाल्या की 2 घरं नुसती स्लिप स्टिचनं पुढे जा, ही मोकळी जागा. मग 4 पाकळ्या, 2 घरं मोकळी, 5 पाकळ्या, 2 घरं मोकळी, परत 5, आता मात्र 5 घरं मोकळी सोडा आणि शेवटच्या 4 पाकळ्या, तो आपला खालचा सुटा वेढा. साखळी बरोबर संपते. ही पट्टी टोकाकडून तारेवर चढवा, पाकळ्यांचा भाग गच्च गुंडाळायचा आणि मोकळी साखळी तारेला धरून सरळ खाली आणायची, गुंडाळायची नाही. एवढ्यानंच फूल बदलतं, बघाच तुम्ही.

ग्लू गन ठेवून द्या. तो गोंद उष्णतेनंच वितळतो, उन्हातल्या बंद गाडीत मऊ पडणारच, आणि आपला मे तर अजून यायचाय. सुरुवातीला दोऱ्याचं शेपूट वीतभर लांब ठेवा, शिवणाच्या सुईत ओवून प्रत्येक वेढ्याला दोन टाके घाला. तार हिरवी टेप गुंडाळलेली घ्या, उघडी लोखंडी तार पावसाळ्यात गंजते आणि डाग दोऱ्यावर येतो. पानांना पोपटी नको, राखाडी झाक असलेला हिरवा रंग शोधा.

प्रश्न: फुलांना खरा लॅव्हेंडरचा वास देता येईल का?

उत्तर: येईल, पण तेल फुलावर टाकू नका, सुती दोऱ्यावर तेलकट डाग पडतो तो जाता जात नाही. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घ्या आणि बोळा फुलदाणीच्या तळाशी ठेवा, वास गेला की नवीन बोळा. फुलदाणी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, जांभळा रंग विटतो.