वाचक विचारतात: कीबोर्डात मिरची गेली, फुंकर मारू नका भो!

प्रश्न: दादा, मी नंदुरबारला एका मिरची व्यापाऱ्याकडे हिशेबाला आहे. ऑफिस मिरच्या वाळत घालायच्या पथारीला लागूनच, त्यामुळे सीझन सुरू झाला की टेबल, खुर्ची, कीबोर्ड सगळ्यावर लाल पूड. आता शून्याचं बटण अडकायला लागलंय, परवा टॅलीत ५००० च्या जागी ५०० पडले आणि शेठची बोलणी खाल्ली. रोज ओल्या फडक्याने पुसतो तरी चुकून डोळ्याला हात लागला की आग आग होते. काय करू?

उत्तर: भाऊ, आधी ते ओलं फडकं बाजूला ठेवा. मिरचीचा तिखटपणा ज्याच्यामुळे असतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात नाहीतर अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणजे तुम्ही रोज सकाळी तिखट सगळ्या बटणांवर नीट सारवून ठेवताय.

दुसरं, फुंकर नको आणि ब्लोअर तर अजिबात नको. मी हा शहाणपणा एकदा केलाय, मसाल्याच्या दुकानात, वर पंखा चालू असताना. गिऱ्हाईक खोकत पळालं, मालक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ते अजून आठवतं.

तर असं करा. कॉम्प्युटर बंद करून कीबोर्डची वायर काढा, मोबाईलवर बटणांचा एक फोटो काढून ठेवा (नंतर देव आठवतो). तोंडाला मास्क, पंखा बंद. कीबोर्ड पेपरवर उलटा धरून पाठीवर थापट्या मारा, मग तसाच तिरका धरून रंगाच्या कोऱ्या, मऊ ब्रशने पूड खाली पाडा. एवढ्यावर शून्य सुटलं तर बटणं उपटायच्या भानगडीत पडू नका. नाही सुटलं तर तेच बटण कोपऱ्यातून हळूच उचकून सरळ वर ओढा. स्पेसबार, एंटर अशा लांब बटणांखाली बारीक तार असते, ती एकदा निसटली की परत बसवताना घाम निघतो, म्हणून ती शक्यतो तशीच राहू द्या. काढलेली बटणं भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. लवकर वाळेल म्हणून गच्चीवर टाकू नका, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, पातळ प्लास्टिक वाकडं होऊ शकतं.

आतून पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाईल रिपेअरिंगवाल्यांकडे असतं. ७० टक्केवाल्यात बाकीचं पाणी असतं, म्हणून ९९ टक्केवालं बघा. कापसाच्या काडीला लावून पुसायचं, ओतायचं नाही. वरून पुसताना आधी स्क्रोल लॉकसारख्या बिनकामाच्या बटणावर लावून बघा, स्वस्तातल्या कीबोर्डची अक्षरं पुसली जातात. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर नकोच, प्लास्टिक खातं. आणि गल्ल्यावरची अगरबत्ती आधी विझवा हो, अल्कोहोल पटकन पेटतं.

एवढं करूनही शून्य दाबल्यावर वर येत नसेल तर खालची रबराची टोपी खराब झालीय. चार-पाचशेचा नवा साधा कीबोर्ड घ्या, शेठला सांगा एक शून्य चुकलं की त्याहून महाग पडतं. नव्यावर पहिल्याच दिवशी सिलिकॉनचं कव्हर घाला, आणि संध्याकाळी जाताना वर फडकं टाका, कोरडं.

प्रश्न: अमळनेरहून एक ताई लिहितात, डीटीपीचं काम करते, कीबोर्डवर अर्धा कप चहा सांडला, पुसला तर चालला, पण दोन दिवसांनी बटणं चिकट झाली.

उत्तर: ताई, पाणी वाळलं, साखर राहिली. वायर काढा, मागचे स्क्रू खोला. आत प्लास्टिकचे तीन पातळ कागद एकावर एक असतात, चहा त्यांच्यामध्ये शिरलेला असतो. कागद हलक्या हाताने सोडवा, जरा ओलसर मऊ कपड्याने टिपा, त्यावरच्या रेषा घासू नका, पूर्ण वाळल्यावरच परत लावा. हेअर ड्रायरची गरम हवा नको. लॅपटॉपवर असं कधी झालं तर मात्र पुसत बसू नका, लगेच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, चार्जर काढा, उलटा करून ठेवा आणि रिपेअरवाल्याकडे न्या. बहुतेक जण मध्येच "चालू होतो का बघू" म्हणून बटण दाबतात आणि आतला मदरबोर्ड तिथेच जळतो.