बावीस संगणक, एकच नाव

प्रश्न : अमळनेरला माझा संगणक क्लास आहे. जुने २२ संगणक घेतले, काही कंपनीचे, काही असेंबल्ड. भाच्याने पेनड्राइव्हवर फाईल करून दिली; विंडोज काही न विचारता बसतं. पण सगळ्यांचं नाव 'क्लास' पडलं आणि नेटवर्क जोडलं की हे नाव आधीच वापरात आहे म्हणतं. काय करू? (पेनड्राइव्ह टेबलावरच असतो, पोरं त्यावर प्रोजेक्टही नेतात.)

उत्तर : ताई, भाच्याचं काम चांगलं आहे, एकच ओळ अडली. ती ऑटोअनअटेंड फाईल, म्हणजे विंडोजच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं. तिच्या 'स्पेशलाइज' टप्प्यात 'कॉम्प्युटरनेम' शोधा. तिथे 'क्लास' लिहिलंय, म्हणून बावीसही जण क्लास. त्याजागी नुसती फुली, म्हणजे * टाका. विंडोज प्रत्येकाला वेगळं नाव स्वतःच देतं.

ते नाव मात्र अगडबंब असतं. 'सात नंबरचा माऊस चालत नाही' असं पोरगं ओरडलं, तर कोणता सात? मी भुसावळला एका लॅबमध्ये यावर शहाणपणा केला होता. बायोसमधला (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधला) सिरियल नंबर वाचून तोच नाव म्हणून लावणारी स्क्रिप्ट लिहिली. कंपनीच्या मशीनांवर झकास चालली. असेंबल्डवाल्यांनी सिरियल नंबर म्हणून सांगितलं, 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.'! बोर्ड बनवणाऱ्याने ती जागा भरलीच नव्हती. मे महिना, भुसावळचं ऊन, पंखा बंद. उरलेली नावं मी हातानेच लावली.

तुमच्याकडेही असेंबल्ड आहेत, तेव्हा स्क्रिप्टच्या नादी लागू नका. कॅबिनेटवर मार्करने नंबर टाका, पॉवरशेल (आज्ञा टाईप करायची विंडोजची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडून 'रिनेम-कॉम्प्युटर' या आज्ञेने तोच नंबर नावात द्या आणि मशीन रिस्टार्ट करा. नाव रोमन अक्षरांत, पंधरा अक्षरांच्या आत. 'अमळनेर-क्लास-०७' रोमनमध्ये मोजून बघा, सोळा भरतात! 'क्लास-०७' पुरे. जोडरेघ चालते, मोकळी जागा नाही, आणि नुसते आकडेही नाहीत.

वापरणाऱ्यांची खाती त्याच फाईलच्या 'ओओबीई-सिस्टम' टप्प्यात येतात. दोन करा : तुमचं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' गटात, पोरांचं 'युजर्स' गटात. पोरांच्या खात्याला अ‍ॅडमिनचे हक्क दिलेत, तर आखाजीच्या सुट्टीआधी सगळ्या मशीनांवर गेम बसलेले दिसतील. खात्याचं नाव आणि संगणकाचं नाव एकच ठेवू नका, विंडोज ते मान्य करत नाही.

आता कंसातलं वाक्य, ते वाचून मी दचकलो. त्या फाईलमध्ये तुमचा पासवर्ड आहे. विंडोज स्वतःच्या पँथर फोल्डरमधल्या प्रतीतून पासवर्ड खोडतं, पण पेनड्राइव्हवरची फाईल जशीच्या तशी राहते. भाच्याने तो 'लपवला' असेल तरी ते नुसतं बेस-६४ आहे, म्हणजे अक्षरं वेगळ्या रूपात लिहायची उघड पद्धत, कुलूप नव्हे. बारावीचं पोरगं मिनिटात उलगडेल.

शिवाय विंडोज काही न विचारता बसतं, म्हणजे डिस्क पुसायची ओळही त्यात बहुधा असेल. तो पेनड्राइव्ह लावलेला ठेवून कुणी मशीन सुरू केलं आणि ते त्यावरूनच बूट झालं, तर हिशेबाचं मशीनही कोरं होऊ शकतं. प्रोजेक्टसाठी दुसरा पेनड्राइव्ह घ्या, आणि हा आजच कपाटात टाका.