बाबांच्या तळपायावरचा काळा डाग वाढतोय. कुरूपच असेल ना?

दोन वर्षं कॉर्न कॅप लावताय, ब्लेडनं तासलं तरी परत येतंय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, असं तुम्ही लिहिलंय. आधी ते ब्लेड बंद करा. आणि कुणी "जाळून टाकू" म्हणालं तर अजिबात जाळू देऊ नका. कुरूप सहसा पिवळट, टणक असतं. काळं होऊन पसरत जात नाही.

माझी आत्या कागलकडची. उसाला पाणी पाजताना टाचेत खुंट घुसला होता, म्हणून घरात सगळे "त्याचंच काळं राहिलंय" म्हणायचे. गावात दीड वर्ष मलम, मग चामखीळ समजून जाळलं. शेवटी कोल्हापुरात त्वचेच्या डॉक्टरबाईंनी टाचेला जेल लावून डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, टेकवला आणि मला मोबाइलवर दाखवलं. तळव्याच्या रेघा मोठ्या केल्या की थेट सरी-वरंबा दिसतो. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत उतरतो. आत्याचा वरंब्यावर चढला होता. "तुकडा तपासायलाच हवा," बाई म्हणाल्या.

निघाला अ‍ॅक्रल मेलानोमा. मेलानोमा म्हणजे त्वचेचा कॅन्सर; त्याचा हा प्रकार तळहात, तळपाय आणि नखाखाली होतो, उन्हाशी त्याचा संबंध नाही. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत मेलानोमा मुळात कमी, पण झाला तर जास्त करून इथंच. गायक बॉब मार्लीला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी तो गेला.

पुढचं बरंचसं ठरतं डाग किती मिलिमीटर खोल गेलाय त्यावर. १ मिमीपर्यंत असेल तर भोवतालची साधारण १ सेमी चांगली कातडी काढतात, २ मिमीच्या वर असेल तर २ सेमी. आत्याचं आधीच जाळलेलं, खरी खोली कळायला मार्ग नव्हता, त्यामुळं रिपोर्टमध्ये "किमान २.४ मिमी" एवढंच आलं. तो "किमान" शब्द मला अजून टोचतो. टाचेवर मांडीची कातडी लावली, जांघेतली गाठ काढून तपासली. नशिबानं ती स्वच्छ निघाली. गाठीत पसरलं असतं तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, विचार करावा लागला असता. आता दर तीन महिन्यांनी तपासणीला नेतो. जांघेत जरा अवधाण आलं, म्हणजे गाठ सुजली, तरी थांबत नाही.

बाबांना कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात न्या, डर्मोस्कोपनं बघा म्हणून स्वतः सांगा. बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली तर स्लाइड (तुकड्याचा काचेवरचा पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही मागून जपून ठेवा. मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात. आज पाय धुऊन, डागाशेजारी पट्टी धरून फोटो तेवढा काढून ठेवा.