आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्राध्यापक थेट देशाचा प्रतिनिधी होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे सिंगापूरचे टॉमी कोह. कायदा शिकवणारा माणूस, परराष्ट्र खात्यात आधी नोकरी वगैरे काही नाही, आणि १९६८ मध्ये सरकारने थेट संयुक्त राष्ट्रांत राजदूत म्हणून पाठवलं, तेव्हा वय जेमतेम तीस! देश नुकताच स्वतंत्र झालेला, माणसं कमी, त्यामुळे हे जमलं असं मला वाटतं, मोठ्या देशात एवढ्या लवकर नंबर लागला नसता.

मधे परत येऊन युनिव्हर्सिटीत लॉचे डीन झाले, मग १९७४ ला पुन्हा न्यूयॉर्क. खरं काम त्यानंतरचं. समुद्री कायद्याची परिषद वर्षानुवर्षं चालू होती, तिचे अध्यक्ष श्रीलंकेचे अमरसिंघे १९८० मध्ये वारले आणि ती खुर्ची कोहांकडे आली. किनारी देश, जमिनीने वेढलेले देश, महासत्ता, सगळ्यांचं वेगळंच चाललेलं, त्यात ह्यांनी करार शेवटाला नेला. अमेरिकेने मतदान मागितलं, १३० विरुद्ध ४ ने मंजूर, डिसेंबर १९८२ मध्ये जमैकात सह्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल देशाची हद्द, २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र (जिथल्या मासे, तेल अशा साधनांवर त्या देशाचा हक्क) हे सगळं त्यातलंच.

पुढे वॉशिंग्टनला राजदूत, रिओच्या पर्यावरण परिषदेत मुख्य समितीचे अध्यक्ष, आणि पेद्रा ब्रांका बेटाच्या केसमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात मलेशियाविरुद्ध सिंगापूरची बाजू, २००८ ला ते बेट सिंगापूरलाच मिळालं.

फक्त पेपर लिहून हे होत नाही हां, वाटाघाटीला बसायची चिकाटी लागते.