गाठ कशाची, ते आधी सांग

तुझं पत्र आणि सोबतची, प्रकाशातल्या चुंबकीय रेषांची आकृती रात्री दोनदा पाहिली. 'लेझरमध्ये गाठ पाडता येते, मग माझ्या गणितात रेषा बंदच का होत नाही?' हा तुझा प्रश्न. त्याआधी माझा प्रश्न: गाठ कशाची?

२०१० साली होलोग्राम वापरून ज्या गाठी पाडल्या, त्या अंधाराच्या रेषांच्या होत्या. तिथे प्रकाशाची तीव्रता शून्य असते आणि भोवती फेज, म्हणजे लहरीची अवस्था, फिरते. त्यांचा चुंबकीय रेषांच्या गाठींशी संबंध लावू नकोस. भौतिकशास्त्रज्ञ रान्यादा यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातही गाठ नाही, गुंफण आहे: एक सरळ रेषा सोडली तर बाकीची प्रत्येक चुंबकीय रेषा साधं वर्तुळ, आणि कुठलीही दोन वर्तुळं कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली. खऱ्या गाठी अशा क्षेत्राच्या २०१३ च्या रचनेत येतात, आणि तू नेमकी तीच घेतली आहेस. तिच्या सूत्रात घातांक २ आणि ३ ठेवलेस की ट्रेफॉइल, म्हणजे तीन पाकळ्यांची सर्वांत साधी गाठ, मिळतो, पण फक्त गाभ्याच्या, म्हणजे सगळ्यात आतल्या रेषांना. बाकीच्या रेषा त्यांच्याभोवतीच्या नळ्यांवर गुंडाळत राहतात. तुझा सुरुवातीचा बिंदू गाभ्यावर नव्हता, म्हणून रेषा फिरतेय आणि फिरतेय. प्रोग्राम बरोबर आहे, तो परत परत लिहीत बसू नकोस!

याच गाठींवर मी दोन वर्षं घालवली आहेत, म्हणून चिडतो. माझ्या क्षेत्रात शून्य क्षणाला सुरेख गाठ होती. तिची आकृती मी सगळ्यांना दाखवत फिरलो. वेळ पुढे सरकवल्यावर रेषा तुटून भलत्याच रेषांना जुळल्या, कारण विद्युत आणि चुंबकीय सदिश सगळीकडे काटकोनात नव्हते. तुझ्या क्षेत्रात ते सदैव काटकोनात असतात आणि योग्य एककांत सारख्याच लांबीचे, म्हणून रेषा प्रकाशाच्या वेगाने वाहत जातात, वाकतात, पण तुटत नाहीत. माझी आकृती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणतो. ती एका क्षणाची होती, आणि तो क्षण मी खाली लिहिला नव्हता. कोणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तुला मी विचारतोय. गाठ कशाची? कुठल्या रेषेची, कुठून सुरू केलेल्या, कुठल्या क्षणाची? आज आधी दोन्ही सदिशांचा अदिश गुणाकार काढ (काटकोन असेल तर तो शून्य येतो), एका बिंदूवर नको, पूर्ण जाळीवर. मग गाभ्याची रेषा शोध: आतल्या नळ्या लहान होत होत जिथे मिटतात तिथे. पुढची आकृती पाठवशील तेव्हा खाली कुठली रेषा, कुठून, कुठला क्षण, या तिन्हींची उत्तरं हवीत. ती नसतील तर मी आकृती उघडणार नाही.