एकच बातमी धर

प्रिय मुली,

उत्स्फूर्त भाषणाच्या स्पर्धेत चिठ्ठीत ‘कांद्याची निर्यात’ हा विषय निघाला आणि तुझी नववीतली विद्यार्थिनी नुसती उभी राहिली. आता तू तिला पन्नास विषयांचे मुद्दे काढून देणार आहेस म्हणे. अजिबात देऊ नकोस! विषय जरा फिरवून आला की पाठ केलेलं काही कामाला येत नाही.

एकच बातमी धर आणि महिनाभर सोडू नकोस. कांद्याचीच धर. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. डिसेंबरात सरळ बंदी आली. मे २०२४ च्या सुरुवातीला ती उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेलं. हे फळ्यावर एकाखाली एक लिही आणि प्रत्येक ओळीला विचार, यात कुणाला चार पैसे मिळाले, कुणाचे गेले? मे महिन्यापाशी थांब. दिंडोरी आणि नाशिकचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. हे तू सांगायचं नाहीस, मुलांनी शोधायचं. शोधलं की ती लगेच सरकारला झोडपायला लागतील. तेव्हा विचार, मुंबईत भाजी घेणाऱ्या बाईला बंदी उठलेली हवी होती का?

एका बातमीनं काय होणार, असं तू म्हणशील. अगं, त्याच डिसेंबरात साखर कमी पडू नये म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. कांदा ज्याला उलगडला, त्याला साखरेवर बोलायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून पुन्हा सांगतो, एकच धर.

आणि ते सुरुवातीचे सुविचार, शेवटचे शेर बंद कर. ‘लासलगावात आज लिलाव झाला नाही’ इथून भाषण सुरू होऊ दे.

माझ्या मुलांनी फिरते करंडक फारसे आणले नाहीत, हे तुझ्याही कानावर आलं असेल. खडा आवाज आणि हातवारे पाहून गुण देणारे परीक्षक असतात, असू देत. माझी मुलं आज ग्रामसभेत उठून अंदाजपत्रकावर प्रश्न विचारतात, मला तेवढं हवं होतं. खंत आहे ती वर्तमानपत्राच्या तासाची. वर्षानुवर्षं मागितला, परीक्षा जवळ आली की तो गणिताला जायचा. तुला मिळाला आहे ना? मग तो पाठांतरात घालवू नकोस, मला राग येईल.

सोमवारी त्या मुलीलाच लासलगावचे दर आणायला सांग. क्विंटलचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. एकाच दिवशी, एकाच बाजारात एवढा फरक का पडतो, यावर तिला बोलायला लाव. अडखळली तर अडखळू दे, मध्येच शब्द पुरवू नकोस. मंगळवारी पुन्हा तेच दर, पुन्हा तीच मुलगी.

तुझा,
सर