कंट्रोल म्हणून कोणाला घेणार ते आधी ठरव

बेटा,

तुझ्या थीसिसचा सिनॉप्सिस काल निवांत वाचला. विषय छान आहे, तोंडाचा कॅन्सर, त्यात लाइफस्टाइल अन् मेडिकल असे दोन्ही रिस्क फॅक्टर, आणि नागपुरात राहून हा नाही घ्यायचा तर कोणता घ्यायचा, चौकाचौकात पानठेला आणि ठेल्यावर पन्नीत सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा घोटून राहिलेला माणूस. पण अर्धी पानं तू स्टॅटिस्टिक्सवर खर्च केली, रिग्रेशन कोणतं, सॉफ्टवेअर कोणतं, आणि कंट्रोलवर, म्हणजे तुलनेसाठी घ्यायच्या कॅन्सर नसलेल्या लोकांवर, फक्त एक ओळ, "रुग्णालयातील इतर रुग्ण". इतर म्हणजे कोण गं? मी त्या एका ओळीवरच बोलणार आहे, बाकीचं तुझे गाईड बघतील.

कंट्रोल म्हणजे असा माणूस की त्याला हाच कॅन्सर झाला असता तर तो तुझ्याच हॉस्पिटलात तुझी केस म्हणून आला असता. आता हे नागपूरला लावून बघ. कॅन्सरसाठी इथं बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहून लोक येतात, गडचिरोली-चंद्रपूरहून येतात, पार तेलंगणातून येतात. आणि कंट्रोल तू उचलणार ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या वॉर्डातून, तिथं अजनीत नाहीतर इमामवाड्यात गाडी घसरून पाय मोडलेला पोरगा पडलेला. मग खेड्यातला माणूस विरुद्ध शहरातला माणूस अशीच तुलना होऊन बसते, त्यात खर्र्याचा फरक किती आणि गावाचा किती हे नंतर कोणी सोडवून देऊ शकत नाही. वरून अपघातवाल्यांत पिणारे जास्त असतात, म्हणजे दारूचा धोका आहे त्याहून कमी दिसणार. बरं, पेशंटसोबत आलेला भाऊ घेऊ म्हणशील, तर दोघं भाऊ एकाच पुडीतला खर्रा खाणारे, फरक दिसेल कुठून? त्यापेक्षा चार-पाच वेगवेगळ्या विभागांतून घे, ज्या आजारांचा तंबाखू-दारूशी संबंध नाही असे, आणि वय-लिंगासोबत जिल्हाही जुळव. वेळ लागेल, लागू दे.

कंट्रोल चुकले की मोठमोठे लोकही फसतात. १९८१ मध्ये हार्वर्डच्या मॅकमॅहन यांच्या टीमनं छापलं की कॉफीचा स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी संबंध दिसतो, जगभर बातम्या झाल्या. पण कंट्रोलमध्ये पोटाच्या डॉक्टरांचेच दुसरे पेशंट बरेच होते, आणि पोट बिघडलेला माणूस कॉफी आधीच कमी करतो! पुढच्या अभ्यासांत तो संबंध काही टिकला नाही. याच्या उलट डॉल आणि हिल यांचा सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचा १९५० चा पेपर वाच, लंडनच्या २० हॉस्पिटलांतले पेशंट, फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ आणि तेवढेच कंट्रोल. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे काही लोकांची मुलाखत कॅन्सर समजूनच घेतली होती आणि नंतर निघालं की यांना कॅन्सर नाहीच. त्यांची सिगारेटची सवय पाहिली तर ती कंट्रोलसारखी निघाली. म्हणजे विचारणारे कॅन्सरवाल्याला मुद्दाम खोदून विचारत होते हा आरोपच संपला. तुझ्याकडेही असे संशयित येतील ज्यांची बायोप्सी साफ निघते, त्यांचे फॉर्म फेकू नको, वेगळे ठेव.

आता विचारायचं कसं. तुझ्या फॉर्ममध्ये "तंबाखू: हो/नाही" आणि "दिवसाला किती" एवढंच आहे. बाप्पा! माणूस म्हणेल दोन. दोन म्हणजे दोन पुड्या का दोन वेळा? एक पुडी एकटा दिवसभर पुरवतो, तीच कंपनीच्या गेटवर चौघांत अर्ध्या तासात संपते. म्हणून पुड्या किती, सोबत किती जण, गालाच्या कोणत्या बाजूला धरतो, किती वेळ, रात्री तोंडात ठेवून झोपतो का, कितव्या वर्षी सुरू केला, सगळं विचार. एखाद्या ठेल्यावर दुपारभर उभी राहा, पुडीत सुपारी किती, तंबाखू किती, चुना किती ते डोळ्यांनी बघ अन् जमलं तर वजन कर. नुसत्या सुपारीला वेगळा रकाना पाहिजे कारण आयएआरसी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २००४ च्या मोनोग्राफमध्ये सुपारीच कॅन्सरकारक ठरली आहे, तंबाखू असो नसो. आणि बायांना नवऱ्यासमोर, सासूसमोर विचारू नको, नस म्हणजे तपकीर दातांना घासतात त्या बाया, पण सासू शेजारी बसली असेल तर "नाही बाई, मी काहीच नाही घेत" हेच उत्तर मिळणार.

"सोडला" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. तोंड उघडत नाही, तिखट झोंबते म्हणून दोन महिन्यांपूर्वी सोडलेला माणूस तू "माजी" मध्ये टाकशील आणि शेवटी तुझ्या टेबलमध्ये खर्रा सोडणाऱ्यांनाच कॅन्सर जास्त दिसेल, मग पेपरवाले काय छापतील विचार कर. निदानाच्या एक वर्ष आधी काय सवय होती ते धर. वजनाचंही तेच, जेवताच येत नाही म्हणून वाळलेला माणूस बारीक होता म्हणून कॅन्सर झाला असं होत नाही. दाताचंही तेच, "दात काढला अन् तिथूनच कॅन्सर झाला" हे घरोघरी ऐकशील, बऱ्याचदा गाठीमुळेच दात हललेला असतो आणि म्हणून तो काढलेला असतो.

मेडिकल फॅक्टरमध्ये तू सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होतं तो आजार, घातला आणि खर्र्यासोबत एकाच मॉडेलमध्ये टाकला, हे मला अजिबात पटलं नाही. सुपारीनं फायब्रोसिस होतो आणि त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो, तो रस्त्यातलं स्टेशन आहे. ते ॲडजस्ट केलं, म्हणजे हिशोबातून वजा केलं, की खर्र्याचा परिणाम तू स्वतःच्या हातानं पुसला. फायब्रोसिस असलेल्यांचं ॲनालिसिस वेगळं दे. डायबिटीस आणि एचपीव्ही हा विषाणू यांचं गाईडशी बोल. एचपीव्हीचा मुख्य संबंध घशाच्या मागच्या भागाशी आहे, गालाच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा फार कमी, त्यामुळे नेमकी जागा लिहिल्याशिवाय केस घेऊच नको.

नागपूरची कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या केसेसची नोंदवही, १९८० पासूनची आहे, तिचे रिपोर्ट पहिल्या प्रकरणासाठी वाच, किती अन् कुणाला ते तिथं मिळेल. का झाला ते तुलाच शोधायचं आहे.

आणि एक राहिलंच. मुलाखतीत कोणीतरी विचारेलच, "मॅडम, खर्र्यानंच झाला का मला?" रागावायचं नाही, आणि तुझ्या अभ्यासातून एका माणसाचं उत्तर निघत नाही हे लपवायचंही नाही, धोका खूप वाढतो एवढं सांग अन् ट्रीटमेंटवर बोल. आणि कंट्रोल म्हणून बसवलेल्या माणसाच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला तर तुझी मुलाखत गेली खड्ड्यात, त्याला त्याच दिवशी डेंटल कॉलेजच्या ओपीडीत पाठव. फॉर्मच्या शेवटी त्यासाठी रकाना कर, कुठं पाठवला आणि खरंच गेला का. एथिक्स कमिटीवाले हे विचारतीलच, आत्ताच टाकून ठेव आणि सुधारलेला फॉर्म सोमवारी पाठव.

तुझी,
मॅडम